पानगळीच्या हंगामातलं बँडिंग: हात जलद करण्याआधी जाळी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या एका बँडिंग स्टेशनवर स्वयंसेवक म्हणून शिकताहेत आणि हा त्यांचा दुसरा फॉल सीझन, म्हणजे पानगळीचा हंगाम. बँडिंग म्हणजे बारीक जाळ्यांत पक्षी पकडून, पायात क्रमांकाचं कडं (बँड) घालून, मापं घेऊन सोडून देणं. कोल्ड फ्रंट (थंड हवेची आघाडी) येऊन गेल्यानंतरच्या सकाळी, पक्षी काढायच्या पहिल्याच फेरीत जाळी भरलेली सापडली. टेबलाशेजारच्या खुंट्यांवर पक्षी ठेवलेल्या पिशव्यांची रांग लागली, किंगलेट नावाचा एक इवला पक्षी पिसं फुलवून डोळे मिटून बसला आणि स्टेशनप्रमुखांनी निम्म्याहून जास्त जाळी गुंडाळायला सांगितली. आपला हात जलद चालला असता तर ही वेळ आली नसती, असं त्यांना वाटतं. म्हणून ते विचारतात की वेग कसा वाढवायचा, कवटी बघून वय ठरवायला फार वेळ जातो तर ती पायरी गाळावी का, आणि ऐन गर्दीच्या दिवशी जाळी बंद केली तर इतक्या वर्षांचा डेटा बिघडत नाही का. शेवटी जाता जाता एक शंकाही जोडली आहे: बँड घातलेल्या पक्ष्यांपैकी परत सापडतात किती, मग एवढा खटाटोप कशासाठी?

तुमच्या प्रमुखांनी योग्य तेच केलं, हे आधी सांगतो. आणि तुमची अडचण वेगाची आहे असं मला वाटत नाही. त्या सकाळी किती जाळी उघडायची हे पक्षी किती येतील त्यावर ठरलं, हात किती आहेत त्यावर ठरलं नाही. सगळा घोळ तिथे आहे.

जरा हिशोब मांडू. सरावलेला बँडर एका पक्ष्याला साधारण २ मिनिटं घेतो असं धरा. त्यात जात ओळखणं, बँड घालणं, वय, लिंग, चरबी, पंखाची लांबी, वजन आणि सुटका हे सगळं आलं. म्हणजे तासाला ३० पक्षी. पहिल्या फेरीत ८० पक्षी आले तर शेवटच्या पिशवीतला पक्षी २ तास ४० मिनिटं लटकत राहणार. आता तुम्ही घाम गाळून तो वेळ दीड मिनिटावर आणलात. तासाला ४० झाले. तरी शेवटच्या पक्ष्याला २ तास थांबायचंच आहे, आणि तोवर पुढच्या फेऱ्यांच्या पिशव्या येऊन पडलेल्या असतील त्या वेगळ्याच. वाढपी दोन असताना दोनशे पानं मांडली, तर वाढप्यांना पळायला लावून पंगत उठत नाही. पानं कमी मांडावी लागतात.

हिशोब उलट्या बाजूने करायला शिका. शेवटचा पक्षी तासाभरात सुटला पाहिजे असं मी धरतो, आणि थंडी असेल तर त्याहूनही लवकर. एका टेबलावर एक बँडर आणि एक नोंदी लिहिणारा असेल तर त्या टेबलाला तासाला ३० पक्षी झेपतात. शिकाऊ माणूस टेबलावर बसला असेल तर १५. तेवढेच पक्षी आणतील इतकीच जाळी उघडी ठेवायची. हे आकडे माझ्या सवयीचे आहेत. तुमच्या स्टेशनवर मोजमापं जास्त घेत असतील, पिसाचा किंवा रक्ताचा नमुना घेत असतील, तर ते आणखी खाली येतील. एकदा घड्याळ लावून स्वतःचा आकडा काढून ठेवा. तो गर्दीच्या दिवशी काढू नका, साध्या दिवशी काढा.

फॉलमध्येच हे इतकं का अंगावर येतं, तेही समजून घ्यायला हवं. वसंतात उत्तरेकडे जाणारे पक्षी म्हणजे हिवाळ्यातून वाचलेले. पानगळीत दक्षिणेकडे निघतात ते पालक आणि त्या वर्षीची सगळी पिल्लं मिळून. शिवाय दक्षिणेकडून वारा वाहत असला किंवा पाऊस लागून राहिला की पक्षी खोळंबतात. मग कोल्ड फ्रंट सरकून जातो, वारा वायव्येकडून वाहू लागतो, आकाश मोकळं होतं आणि चार-पाच रात्रींचे खोळंबलेले प्रवासी एकाच रात्री निघतात. छोटे गाणारे पक्षी बहुतेक रात्रीच उडतात. पहाटे उतरतात आणि उजाडलं की खायला लागतात. तुमच्या पहिल्या फेरीत सापडणारा वॉर्बलर रात्रभर उडून आलेला, भुकेला असतो. पिशवीत गेलेला प्रत्येक तास त्याच्या न्याहारीतून वजा होतो.

त्यातही पक्ष्या-पक्ष्यात फरक असतो. ब्लॅकपोल वॉर्बलर एरवी १२ ग्रॅमच्या आसपास असतो, पण समुद्र ओलांडण्याआधी २० ग्रॅमच्या वर जातो. हा इवलासा पक्षी ईशान्य किनाऱ्यावरून निघून २ ते ३ दिवस न थांबता, सुमारे २५०० किलोमीटर अटलांटिकवरून उडत कॅरिबियनला पोचतो. पाठीवर बसवलेल्या जिओलोकेटर या ठिकाण नोंदवणाऱ्या छोट्या यंत्रामुळे २०१५ मध्ये याचा थेट पुरावा मिळाला. असा गोल गरगरीत पक्षी पिशवीत अर्धा तास जास्त राहिला तर त्याचं फार बिघडत नाही. आदल्या रात्रीच सगळी चरबी जाळून आलेल्या, गळ्याखालचा चरबी साठायचा खड्डा रिकामा असलेल्या पक्ष्याची गोष्ट वेगळी. पिशवीवरून दोघं सारखेच दिसतात, म्हणून नियम अशक्तांच्या सोयीने ठेवायचा.

तुमचं स्टेशन किनाऱ्यावर आहे की आत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे. अटलांटिक किनाऱ्यावर फॉलमध्ये पकडलेल्या पक्ष्यांत पहिल्याच वर्षाचे पक्षी प्रचंड प्रमाणात असतात, अनेक जातींत दहातले आठ-नऊ. वाट चुकलेले, वाऱ्याने समुद्राकडे ढकललेले, पहिल्यांदाच हा प्रवास करणारे. आतल्या भागात प्रौढांचं प्रमाण जास्त मिळतं. किनाऱ्यावर असाल तर तुमच्या पिशव्यांमध्ये अननुभवी आणि थकलेले पक्षी जास्त आहेत असं धरून चाला.

आता आदल्या संध्याकाळबद्दल, कारण गर्दीच्या दिवसाची तयारी तेव्हाच होते. हवामानाचा अंदाज बघा: फ्रंट कधी सरकणार, रात्री वारा कुठून, पहाटे पाऊस आहे का. अमेरिकेत हवामानाच्या रडारवर रात्रीचं स्थलांतर चक्क दिसतं, आणि बर्डकास्ट या संकेतस्थळावर रात्रीचा अंदाजही मिळतो. अंदाज मोठा असेल तर उद्या कोण कोण येणार आहे ते फोन करून पक्कं करा. नुसती डोकी मोजू नका. जाळ्यातून पक्षी काढता येणारे किती, बँड घालू शकणारे किती, फक्त लिहू शकणारे किती, अशी विभागणी करा. जाळ्यातून काढणारे चार आणि बँड घालणारा एक अशी रचना सगळ्यात धोक्याची, कारण पिशव्या झपाट्याने जमतात आणि टेबल तिथेच अडतं. त्या दिवशी पक्ष्यांना आकर्षित करणारे आवाज वगैरे काही वाजवायचं नाही. आणि पहाटे सगळी जाळी एकदम उघडायची नाहीत. टेबलाच्या जवळची, सावलीतली, वाऱ्यापासून आडोशाला असलेली मोजकी जाळी उघडायची. पहिली फेरी बघून मग वाढवायची. वाढवणं नेहमी सोपं असतं. भरलेली जाळी कमी करणं महाकठीण.

आणि कमी करायची वेळ आलीच, तर कुठून सुरुवात करायची? मी शिकाऊ मंडळींना एकच सांगतो: काढत जा, गुंडाळत जा. पहिलं जाळं रिकामं झालं की लगेच तिथेच गुंडाळा, बांधा आणि पुढच्याकडे जा. अनेकजण सगळी जाळी रिकामी करून टेबलावर परततात, मग ठरवतात की बंद करू, आणि परत जातात तोवर पहिल्या जाळ्यात पुन्हा पंधरा पक्षी लटकलेले असतात. गुंडाळलेलं जाळं नीट बांधा, वाऱ्याने एक कप्पा (पक्षी ज्यात अडकतो तो जाळ्याचा घोळ) सुटून लोंबला तर त्यात अडकलेला पक्षी कुणाच्या फेरीत नसतो. पिशव्या संपल्या किंवा टेबलावर रांग लागलीच आहे असं दिसलं, तर जाळ्यापाशीच पक्षी सोडून द्या. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. जात ओळखली असेल तर 'बँडशिवाय सोडला' म्हणून नोंद करा, तीही उपयोगाची असते.

फेऱ्यांचं अंतर: साधारण अर्ध्या तासाला एक फेरी हे सर्वमान्य. थंडी, ऊन किंवा वारा वाढला की ते कमी करायचं, आणि पाऊस सुरू झाला की जाळी बंद. भिजलेल्या पक्ष्याला थंडी फार लवकर लागते. पानगळीत एक खास कटकट असते ती पानांची. वाऱ्याच्या दिवशी जाळं पानांनी भरतं, पक्ष्यांना ते दिसू लागतं, आणि काढणाऱ्याचा अर्धा वेळ पानं वेचण्यात जातो. शिवाय पानांमध्ये लपलेला छोटा पक्षी नजरेतून सुटू शकतो. परतताना प्रत्येक जाळ्याच्या दोन्ही टोकांकडून, वरपासून खालच्या कप्प्यापर्यंत एक नजर टाकायचीच. खालचा कप्पा भरल्यावर लोंबून ओल्या गवताला लागत नाही ना, हेही बघा. आणि त्या भागात मांजर, चिपमंक (छोटी खार) किंवा शार्प-शिन्ड हॉक (छोटा शिकारी पक्षी) घुटमळत असेल तर ते जाळं त्या दिवसापुरतं बंद. शिकाऱ्याला एकदा आयता घास मिळाला की तो फेऱ्यांच्या वेळा पाठ करतो.

काढण्याच्या तंत्रावर मी फार लिहीत नाही, ते हातात हात धरूनच शिकायचं असतं. दोन गोष्टी मात्र गर्दीत हमखास विसरल्या जातात. एक, पक्षी जाळ्याच्या कोणत्या बाजूने आत शिरला ते आधी शोधा. दहा सेकंद नुसतं बघा, हात लावू नका. पोटाकडची, शेपटीखालची बाजू जिथे दोऱ्याविना उघडी दिसते तीच त्याची यायची वाट. दुसरी, पाय आधी मोकळे करा, मग पंख, मग डोकं, निदान तुम्ही त्या पद्धतीने शिकलेले असाल तर. किंगलेट आणि चिकडी (तिथलाच आणखी एक छोटा पक्षी) दोऱ्या मुठीत आवळून धरतात. एक बोट सोडवलं की दुसरं धरतात. चिडू नका. जिभेत दोरा अडकला असेल, पंखाच्या खांद्याभोवती दोऱ्याचा वेढा पडला असेल, किंवा दोन-तीन मिनिटांत काही पुढे सरकत नसेल, तर अनुभवी माणसाला हाक मारा. त्यानेही जमलं नाही तर कात्री. जाळं शिवता येतं. वेग वाढवायची जागा ही नव्हे. इथे घाई करणाऱ्या माणसाच्या हातून मी पक्ष्यांचे पाय दुखावलेले पाहिलेत.

पिशवीत एकच पक्षी, पिशवी स्वच्छ आणि कोरडी. तिच्यावर रंगीत चिमटा: कोणतं जाळं आणि कोणती फेरी. हा चिमटा नसेल तर रांग कुठून सुरू होते हेच कळत नाही, आणि सगळ्यात जुनी पिशवी खुंटीच्या तळाशी राहून जाते.

रांगेचा क्रम 'आधी आला त्याचा आधी नंबर' असा सरधोपट ठेवू नका. सगळ्यात छोटे आधी. किंगलेट ६ ग्रॅमच्या आसपास असतो. तेवढ्याशा शरीरात ऊब साठवून ठेवायला काहीच नसतं. ३० ग्रॅमचा हर्मिट थ्रश त्याच थंडीत निवांत बसू शकतो. मग ओले झालेले, आणि काढताना त्रास झालेले. हमिंगबर्डला बँड घालायला वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर तो जाळ्यापाशीच सोडायचा, पिशवीत आणायचाच नाही. स्थानिक चिकड्यांची टोळी सापडली आणि गर्दी असेल, तर मी त्यांना सगळ्यात आधी सोडून देतो. त्या उद्याही तिथेच असणार आहेत.

तुमचा तो किंगलेट पिसं फुलवून डोळे मिटून बसला, ते थकव्याचं आणि थंडीचं लक्षण. उघड्या चोचीने धापा टाकणं, पंख लोंबणं, हातात घेतल्यावर अंग ढिलं पडणं हीसुद्धा लक्षणंच. अशा पक्ष्याला बँड घालायचा हट्ट धरायचा नाही. उबदार, अंधाऱ्या, शांत खोक्यात ठेवायचा, थोड्या वेळाने बघायचं, तरतरीत झाला की झुडपाच्या आडोशाला सोडायचा. वजन घ्यायचा मोह होतो, कारण 'आकडा महत्त्वाचा'. त्या क्षणी तो महत्त्वाचा नसतो.

मिस्टनेटने, म्हणजे या बारीक जाळ्यांनी, पक्ष्यांना अपाय किती होतो, यावर अमेरिका आणि कॅनडातल्या २२ संस्थांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इजा होण्याचं प्रमाण ०.५९ टक्के आणि मृत्यूचं ०.२३ टक्के निघालं. प्रमाण कमी आहे आणि ते तसं राहावं म्हणून खूप माणसं खूप काळजी घेतात. पण सरासरीवर विसंबून गर्दीच्या दिवशी ढिलं राहणं बरोबर नाही. अपघात वर्षभर सारखे पसरलेले नसतात, ते अशाच सकाळी गोळा होतात.

आता कवटी. ती पायरी सरसकट गाळू नका, कारण फॉलच्या डेटामध्ये वय हीच सगळ्यात मोलाची गोष्ट. यंदा जन्मलेले किती आणि त्याआधीचे किती, या गुणोत्तरावरून त्या वर्षीचं प्रजनन कसं झालं याचा अंदाज बांधतात. पण ती प्रत्येक पक्ष्यावर, तितकाच वेळ घालवून करायची गरज नाही. आधी पंख उघडा. वरची मोठी आच्छादक पिसं, म्हणजे उडायच्या पिसांची मुळं झाकणारी, बघा. बऱ्याच जातींमध्ये यंदाची पिल्लं पहिल्या पानगळीत त्यातली काहीच पिसं बदलतात. त्यामुळे आतली नवी, गडद, ठसठशीत आणि बाहेरची जुनी, विटकी, विरळ विणीची, अशी सीमारेषा दिसते. प्रौढांनी निघण्याआधी सगळी पिसं बदललेली असतात, त्यांच्या पंखात ती एकसारखी दिसतात. मग शेपटीच्या पिसांची टोकं: पिल्लांची निमुळती, प्रौढांची रुंद, गोलसर. या दोन्ही खुणा एकच सांगत असतील तर कवटी ही फक्त खातरजमा. डोक्यावरची पिसं किंचित ओली करून बाजूला सारायची, कातडी हलकेच सरकवायची, चांगल्या उजेडात बघायचं. प्रौढाच्या कवटीला दोन थर असतात आणि त्यांना जोडणारे बारीक खांब पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. पिल्लाची एकाच थराची जागा गुलाबीसर, सपाट, ठिपक्यांविना. दोघांच्या मधली हद्द दिसली की काम झालं.

एक सावधगिरी. उशिराच्या हंगामात कवटीचा पुरावा एकतर्फी होतो. लवकर जन्मलेल्या पिल्लांची कवटी ऑक्टोबरपासून पूर्ण होऊ लागते. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यानंतर अपूर्ण कवटी दिसली तर 'यंदाचं पिल्लू' म्हणायला हरकत नाही. पूर्ण कवटी दिसली म्हणून 'प्रौढ' लिहिणं चूक. तिथे पिसांवरच भिस्त ठेवायची.

आणि अर्ध्या मिनिटात उत्तर ठरत नसेल तर 'अज्ञात' लिहा. शिकाऊ लोकांना हे फार जड जातं. सोबतचा पटापट वयं सांगत असतो आणि आपण 'माहीत नाही' म्हणायचं, याची लाज वाटते. अज्ञात ही खरी नोंद आहे. अंदाजाने लिहिलेलं वय मात्र कायमचं खोटं होऊन बसतं, आणि पुढे कुणालाच ते खोटं आहे हे कळणार नाही. लिंगाचं तर फॉलमध्ये असंच. प्रजननाच्या काळात पोटावरचा पिसं झडलेला भाग किंवा गुदद्वाराजवळचा फुगवटा मदतीला येतो, तो आता उरलेला नसतो. रंगावरून किंवा मापावरून ठरत नसेल तर सोडून द्या.

गर्दीच्या दिवशी कोणती मापं घ्यायची आणि कोणती सोडायची, हे त्या दिवशी टेबलावर ठरवू नका. स्टेशनची आधीच ठरलेली छोटी यादी हवी. माझ्या लेखी क्रम असा: बँडचा क्रमांक, जात, वय, मग चरबी आणि वजन. पंखाची लांबी सगळ्यात आधी गळते, काही जातींत लिंग तिच्यावरूनच ठरतं तेवढा अपवाद. चरबीला दोन सेकंद लागतात: गळ्याखालच्या खड्ड्यावर फुंकर मारा, पिसं बाजूला होतात, पिवळसर चरबी कितपत भरली आहे ते दिसतं. मात्र आधी बँड असलेला पक्षी, म्हणजे तुमच्याच स्टेशनवर काही दिवसांपूर्वी सापडलेला, पुन्हा आला तर त्याचं सगळं काही घ्या. परवा ११ ग्रॅम, आज १३, म्हणजे तुमच्या झाडीत त्याला खायला मिळतंय. विसाव्याची जागा कामाची आहे की नाही, हे अशाच पक्ष्यांवरून कळतं.

क्रमांकाबद्दल कडक राहा. बँड १०० च्या सलग दोरीत येतात, शेवटचे दोन अंक ०१ पासून ०० पर्यंत. बँडरने क्रमांक वाचायचा, लिहिणाऱ्याने मोठ्याने परत म्हणायचा, आणि दर दहा पक्ष्यांनी दोरीशी ताडून बघायचा. घातलेला बँड पायावर वर-खाली सरकला पाहिजे, गोल फिरला पाहिजे, आणि त्याची दोन टोकं एकमेकांवर चढलेली नसावीत. टोकं चढली असतील तर स्वतः पक्कड लावून झटापट करू नका, प्रमुखांना दाखवा.

जाळी बंद केल्याने डेटा बिघडतो का? नुसत्या बंद करण्याने नाही. स्टेशनं पक्ष्यांची संख्या जाळी-तासांनी भागून मांडतात. १२ मीटरचं एक जाळं एक तास उघडं राहिलं तर एक जाळी-तास. प्रत्येक जाळं कधी उघडलं आणि कधी गुंडाळलं याची वेळ लिहिलेली असेल तर हिशोब लागतो. वेळ लिहिली नाही, 'साधारण आठच्या सुमारास काही जाळी बंद' एवढंच लिहिलं, तर बिघडतो. एक कबूल करायला हवं: मोठ्या लाटेच्या ऐन भरात जाळी गुंडाळली तर त्या दिवसाचा आकडा खऱ्या लाटेपेक्षा लहान दिसतो, आणि जाळी-तासांचा भागाकार ते पूर्णपणे सावरत नाही. म्हणून गर्दीचा निकष दरवर्षी सारखा ठेवायचा, एका वर्षी एक प्रमुख घाबरट आणि दुसऱ्या वर्षी दुसरा बिनधास्त, असं नको. तरीही पूर्ण जाळी आणि घाईत लिहिलेल्या नोंदी यापेक्षा निम्मी जाळी आणि नेमक्या नोंदी मी कधीही घेईन.

परत सापडण्याचं म्हणाल, तर छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांत दूरवर कुठे बँड सापडून कळवला जाण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही बरंच कमी असतं. १९२० पासून अमेरिकेची बर्ड बँडिंग लॅबोरेटरी बँडचा हिशोब ठेवते, कॅनडातल्या कार्यालयाबरोबर मिळून, आणि तरी असं दूरचं पुनर्भेटीचं पत्र ही अजूनही दुर्मिळ मेजवानीच. पण फॉल बँडिंग त्यावर जगत नाही. कोण कधी निघालं, किती वयाचं, किती चरबी घेऊन, किती दिवस थांबून, हे पक्षी हातात असतानाच मिळून जातं. पेनसिल्व्हेनियातल्या पावडरमिलसारख्या जागी १९६१ पासून, ऑन्टॅरियोतल्या लाँग पॉइंटला १९६० पासून हे चालू आहे. एवढी लांब मालिका असली की स्थलांतराच्या तारखा सरकताहेत का, पक्ष्यांच्या अंगाची मापं बदलताहेत का, असले प्रश्न विचारता येतात. १९७० पासून उत्तर अमेरिकेतून जवळपास ३०० कोटी पक्षी कमी झाल्याचं २०१९ मध्ये मांडलं गेलं, त्यानंतर तर या साध्या वह्यांना जास्तच भाव आला आहे. एकेका पक्ष्याची वाट जाणायची असेल तर त्यासाठी मोटससारखं रेडिओ टॅगचं जाळं आहे, पण ते काम वेगळं आणि त्याची परवानगीही वेगळी.

राहता राहिला वेग. तो हवाच, फक्त योग्य जागी. टेबलाची मांडणी रोज तीच ठेवा: पक्कड, पंखमापी, वजनकाटा, वजनासाठी पक्षी ठेवायची निमुळती नळी, बँडची दोरी, सगळं डोळे झाकून हाताला लागलं पाहिजे. बँडचा आकार जातीनुसार ठरलेला असतो. किंगलेटला ०ए, बहुतेक वॉर्बलरना ०. नेहमीच्या वीसेक जातींचे आकार पाठ करा, तक्ता बघण्यात फार वेळ जातो. शंका आली तर मात्र पायाला मापपट्टी लावा. पिशवीतून काढताना पक्षी बँडरच्या पकडीतच बाहेर आला पाहिजे, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये. बाहेर काढून मग पकड बदलत बसला की पाच सेकंद जातात आणि पक्षी निसटतो. क्रम कधीच बदलू नका. आधी बँड, कारण मध्येच पक्षी निसटला तरी क्रमांक आणि जात हाताशी राहते. लिहिणाऱ्याशी बोलण्याची एक ठरलेली पद्धत करा आणि टेबलावर गप्पा मारणाऱ्यांना लांब पाठवा. पाहुणे आले असतील तर त्यांच्यासाठी वेगळा माणूस. पक्ष्याला पायांनी धरून फोटो काढणं गर्दीच्या दिवशी पूर्ण बंद.

बाकी सराव मंद दिवसांत होतो. एका सकाळी पंधरा पक्षी येतात तेव्हा प्रत्येकाचा पंख नीट उघडून, प्रमुखांना आधी तुमचं उत्तर सांगून मग त्यांचं ऐका. त्या दिवशी ४ मिनिटं लागली तरी चालतील. गर्दीच्या सकाळी तुम्ही टेबलाऐवजी नोंदी लिहायला किंवा जाळ्यांवर बसलात तरी काही बिघडत नाही, बहुतेक वेळा स्टेशनला तीच मदत जास्त हवी असते. आणि या आठवड्यात प्रमुखांना एवढं विचारून घ्या: आपल्याकडे गर्दीच्या दिवसाची यादी लेखी आहे का? किती पिशव्या जमल्या की जाळी बंद, कोणती आधी, कोणती मापं सोडायची, जाळ्यापाशी पक्षी सोडायचा निर्णय कोणी घ्यायचा? लेखी नसेल तर तुम्हीच एका पानावर कच्चा मसुदा करून द्या, ते दुरुस्त करतील. पुढचा फ्रंट येण्याआधी ते पान टेबलावर लागलेलं असू द्या.